बॅन्फमध्ये दोनच गाईडेड टूर घ्यायच्या असतील, तर कोणत्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैमध्ये चार दिवस मुक्काम कॅनडातल्या बॅन्फ गावात. बरोबर पासष्टीच्या पुढचे आई-वडील, आईचे गुडघे दुखतात. नऊ वर्षांची मुलगी. गाडी भाड्याने घेणार नाही. एका दिवसाच्या दोनच टूर बजेटमध्ये बसतात, आणि इंटरनेटवर 'एका दिवसात पाच तलाव', 'सहा तलाव आणि हिमनदी' अशा पन्नास जाहिराती दिसतात. निवड कशी करायची?

आधी सरळ उत्तर देतो. एक टूर मोरेन लेक आणि लेक लुईसची घ्या, लहान गाडीची, सकाळी लवकर निघणारी, शक्यतो फक्त या दोन जागांची. दुसरी टूर आइसफिल्ड्स पार्कवे या डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावरून अथाबास्का हिमनदीपर्यंतची घ्या, पण ती बॅन्फमधून सुटणारी हवी. उरलेले दोन दिवस गाईडशिवाय, गावातल्या सार्वजनिक बसने छान जातात. 'पाच तलाव' वगैरे सोडून द्या. कारण आता सविस्तर सांगतो, म्हणजे यातली एखादी टूर भरलेली असली तरी पर्याय तुम्हालाच निवडता येईल.

टूरच्या पानावर थांब्यांची यादी असते, पण गाडीबाहेर किती वेळ मिळणार ते बहुधा लिहिलेलं नसतं. तो हिशेब आपणच करायचा. उदाहरण म्हणून बॅन्फमधून निघणारी दहा तासांची पाच तलावांची सहल घेऊ: मोरेन, लुईस, एमराल्ड, पीटो आणि बो. बॅन्फ ते मोरेन साधारण 70 किमी, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास. तिथून लेक लुईस पंचवीस मिनिटं. लुईसहून शेजारच्या योहो नॅशनल पार्कमधला एमराल्ड लेक चाळीस मिनिटं. एमराल्डहून परत मागे येऊन उत्तरेकडे पीटोपर्यंत तासाहून थोडं जास्त. पीटो ते बो दहा मिनिटं, आणि बोहून बॅन्फला परत सव्वा तास. नुसतं गाडीत बसणं पावणेपाच तासांचं झालं. हॉटेला-हॉटेलांवरून माणसं गोळा करायला आणि परत सोडायला पाऊण तास. जेवणाला अर्धा तास. प्रत्येक थांब्यावर उतरणं, चढणं आणि डोकी मोजणं यात दहा मिनिटं जातातच, पाच थांब्यांची पन्नास. दहा तासांतून हे सगळं वजा केलं की उरतात तीन तास आणि थोडी मिनिटं. पाच तलावांत वाटले की एका तलावाला चाळीस मिनिटांहून कमी. त्यातच स्वच्छतागृहाची रांग. आईंचे गुडघे दुखत असतील तर पाण्यापर्यंत पोचायचं, दोन फोटो काढायचे आणि वळायचं, एवढंच हातात राहतं.

हा हिशेब कुठल्याही टूरला लावा. दहा तासांत पाच तासांपेक्षा कमी वेळ गाडीबाहेर मिळत असेल तर ती सहल आई-वडिलांसाठी नाही. अपवाद पार्कवेचा. तिथे रस्ताच बघण्यासारखा आहे.

या हिशेबात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सुटण्याच्या गावावरून. 'बॅन्फ टूर' नावाच्या कितीतरी सहली प्रत्यक्षात कॅल्गरीहून सुटतात, आणि कॅल्गरी ते बॅन्फ सुमारे 130 किमी आहे. अथाबास्का हिमनदी बॅन्फ गावापासून साधारण 190 किमीवर, म्हणजे न थांबता सव्वादोन तास. कॅल्गरीहून तोच रस्ता तीनशे किमीच्या वर जातो. कॅल्गरीहून सुटणाऱ्या टूरने बॅन्फमधून तुम्हाला वाटेत घेतलं, तरी वेळापत्रक कॅल्गरीच्या हिशेबाने आखलेलं असतं आणि थांबे त्यामुळे आखूड होतात. म्हणून बुकिंग करताना 'पहिला पिकअप कुठे आणि किती वाजता, शेवटचा ड्रॉप कुठे' हे आधी बघा.

मोरेन लेकसाठी टूर का घ्यायची? 2023 पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. अपंगांसाठीच्या पार्किंगचा परवाना असलेल्यांना सवलत मिळते, बाकीच्यांनी पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) शटल, रोम ट्रान्झिट या बॅन्फमधल्या सार्वजनिक सेवेची बस किंवा परवानाधारक टूर कंपनीची गाडी यांपैकी काहीतरी वापरायचं. रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो. म्हणजे इथे टूरच्या पैशांत खरोखर काहीतरी मिळतं: आत जायची सोय. मात्र टूरशिवाय जाताच येत नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. पार्क्स कॅनडाची शटल लेक लुईस स्की रिसॉर्टच्या पार्किंगमधून सुटते. तिच्या काही जागा वसंतातच विकल्या जातात आणि मोठा वाटा प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी 8 वाजता, स्थानिक वेळेनुसार, खुला होतो. आरक्षण असेल तर लुईस आणि मोरेनमधली जोडबसही वापरता येते. तरुण जोडप्याने हाच मार्ग धरावा, पैसे वाचतात. तुमच्या घरात मात्र गुडघे आणि लहान मूल दोन्ही आहेत. बॅन्फहून बस, मग बदल, मग रांग, आणि परतताना पुन्हा तेच. हॉटेलच्या दारातून घेऊन जाणाऱ्या लहान गाडीचे पैसे इथे सार्थकी लागतात.

मोरेनला नेमकं काय करायचं हे आधीच ठरवा, कारण वेळ तिथेच वाया जातो. सगळ्यांनी पाहिलेला तो फोटो, निळं पाणी आणि मागे दहा शिखरांची रांग, तलावाच्या तोंडाशी असलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावरून काढतात. त्याला रॉकपाइल म्हणतात. पार्किंगकडून पुढे गेलं की समोरच्या बाजूला मोठाले धोंडे दिसतात आणि लोक त्यांवरूनच चढायला लागतात. पाय अडकतो, घोटा मुरगळतो, तो तिथेच. नीट बांधलेली पायऱ्यांची वाट ढिगाऱ्याच्या मागच्या बाजूने जाते. चढ फार नाही, साधारण पंधरा-वीस मिनिटांचा, पण पायऱ्या दगडी आणि कमी-जास्त उंचीच्या आहेत. आईंना उतरताना त्रास होईल असं वाटलं, तर त्यांनी काठाने जाणारी सपाट पायवाट धरावी. पाणी अगदी पायाशी येतं, झाडांची सावली असते आणि गर्दीही लवकर पातळ होते. त्यामुळे मोरेनला किमान सव्वा तास देणारी टूर हवी. दीड तास असेल तर उत्तम.

वेळेबद्दल दोन मतं ऐकाल. सूर्योदयाची टूर घेतली की पहिलं ऊन शिखरांवर पडताना दिसतं, गर्दी त्यातल्या त्यात कमी असते, पण जुलैमध्ये सूर्य साडेपाच-पावणेसहाला उगवतो, म्हणजे बॅन्फहून पहाटे चारच्या आत निघावं लागतं. आणि त्या वेळी पाणी निळं दिसत नाही. हिमनद्यांनी दळलेली दगडाची बारीक पूड पाण्यात तरंगत असते, तिच्यावर ऊन पडलं की रंग उमटतो, त्यासाठी सूर्य वर यावा लागतो. दुपार कलल्यावर ऊन शिखरांच्या मागून येतं आणि फोटो फिके पडतात. मुलगी आणि आई-वडील बरोबर असताना मी सकाळी सात-आठला निघणारी टूर सुचवेन. तलावावर नऊ-साडेनऊला पोचता, रंग उमटायला लागलेला असतो आणि थंडीही थोडी कमी झालेली असते. थोडीच, कारण हा तलाव सुमारे 1,885 मीटरवर आहे. जुलैमध्येही सकाळी स्वेटर आणि वाऱ्याचं जॅकेट दोन्ही लागतात.

'गाईडेड' या शब्दाची शहानिशा करा. पर्यटन बसमध्ये बहुतेक वेळा चालवणारा आणि बोलणारा एकच असतो. तो माइकवरून उत्तम माहिती देतो, पण थांब्यावर गाडीजवळच राहतो. तुम्ही आपले चालत जायचं आणि सांगितलेल्या वेळी परत यायचं. यात फसवणूक नाही, पण तुमची अपेक्षा वेगळी असेल तर निराशा होते. म्हणून एकच प्रश्न लेखी विचारा: गाईड आमच्याबरोबर चालणार आहे का? उत्तर 'हो' असेल तर पुढचा प्रश्न, एका गाईडमागे किती माणसं? पायी सहलीत दहा-बारापेक्षा जास्त असली तर मागच्यांना काही ऐकू येत नाही, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

गाईडची पात्रता जागेप्रमाणे बदलते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गाडीतून तलाव दाखवायला डोंगराचं प्रमाणपत्र लागत नाही, तिथे स्थानिक माहिती आणि सुरक्षित ड्रायव्हिंग पुरेसं आहे. पायवाटेवर निसर्ग समजावून सांगणारा प्रशिक्षित गाईड हवा, ज्याने रानातल्या प्रथमोपचाराचा कोर्स केलेला आहे. आणि पायी हिमनदीवर न्यायचं असेल, तर असोसिएशन ऑफ कॅनेडियन माउंटन गाईड्सचं, म्हणजे एसीएमजीचं, बर्फावर काम करण्याइतकं प्रमाणपत्र असलेलाच गाईड हवा. ही संस्था 1963 पासून आहे आणि तिच्याकडे हायकिंग, रॉक, अल्पाइन, स्की अशी वेगवेगळी प्रमाणपत्रं असतात. हायकिंगचं प्रमाणपत्र हिमनदीवर चालत नाही. 'आमचे गाईड सर्टिफाइड आहेत' एवढ्यावर थांबू नका, कसलं प्रमाणपत्र ते विचारा. शिवाय उद्यानात असा व्यवसाय करायला कंपनीला पार्क्स कॅनडाचा परवाना लागतो. चांगली कंपनी परवान्याबद्दल विचारलं म्हणून नाराज होत नाही.

आता पार्कवे. लेक लुईस ते जॅस्पर हा सुमारे 230 किमीचा रस्ता आहे. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, पेट्रोल वाटेत सास्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला मिळतं. गाडी नसलेल्याने इथे टूर घेणंच शहाणपणाचं. बॅन्फहून हिमनदीपर्यंत जाऊन-येऊन साडेचार-पाच तास प्रवास. दहा तासांच्या टूरमध्ये पाच तास हातात राहतात, आणि हिमनदी, पीटो, बो एवढ्यावर ते नीट पुरतात. यात आणखी मोरेन घुसडलेलं दिसलं तर ती टूर बाद करा.

पीटो लेकचा दर्शनबिंदू बो समिटजवळ आहे, सुमारे 2,070 मीटरवर, पार्कवेच्या सगळ्यात उंच भागात. खालच्या सार्वजनिक पार्किंगमधून वर जाणारी डांबरी वाट छोटी असली तरी चांगलीच चढाची आहे. वरती आणखी एक पार्किंग आहे, ते टूर बस आणि अपंग परवानाधारकांसाठी. तिथून चढ खूपच कमी होतो. आईंसाठी हा फरक मोठा आहे, तेव्हा कंपनीला विचाराच: 'पीटोला वरच्या पार्किंगपर्यंत गाडी जाते का?'

अथाबास्का हिमनदी जॅस्पर नॅशनल पार्कमध्ये येते आणि ती बघायचे तीन प्रकार आहेत. पहिला, प्रचंड चाकांच्या बर्फगाडीतून थेट हिमनदीवर जाणं. बर्फावर पंचवीसेक मिनिटं उतरता येतं, आखून दिलेल्या जागेतच. चालणं जवळपास नाही, पण गाडीला पायऱ्या आहेत आणि पायाखाली निसरडं असतं. रांग आणि बस बदलणं धरून दोन तास द्यावे लागतात. दुसरा, हिमनदीच्या टोकाजवळच्या पार्किंगमधून पायवाटेने बर्फाच्या समोरपर्यंत जाणं. याला तिकीट नाही, पण वाट खडकाळ आहे आणि थंड वारा समोरून येतो. गेल्या सव्वाशे वर्षांत हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. वाटेवर लावलेल्या वर्षांच्या पाट्या बघत चालताना ते जसं कळतं तसं गाडीत बसून कळत नाही. तिसरा, एसीएमजी गाईडबरोबर पायाला काटे बांधून तीन-चार तासांची बर्फावरची चाल. ती तुमच्या गटासाठी नाही.

तुमच्यासाठी पहिला प्रकार बरा. पण टूरच्या किमतीत बर्फगाडीचं तिकीट धरलेलं आहे का, ते बघा. बऱ्याच ठिकाणी ते 'ऐच्छिक' म्हणून वेगळं असतं, आणि ज्यांनी घेतलं नाही ते दोन तास हिमनदीजवळच्या पर्यटक केंद्राच्या इमारतीत बसून राहतात. बऱ्याचदा त्याच तिकिटाला जोडून काचेच्या तळाचा स्कायवॉक असतो, दरीपासून 280 मीटर उंच. उंचीची भीती असणाऱ्यांनी तो वगळून मिळेल का ते आधी विचारावं. आणि दोरी किंवा पाटी ओलांडून एकट्याने बर्फावर पाय ठेवू नका, मुलीचा हात सोडू नका. भेगांवर ताज्या बर्फाचं पातळ झाकण असतं, वरून जमीन सलग दिसते. इथे माणसं गेली आहेत.

वेळ उरला आणि योहोची टूर मोहात पाडत असेल तर एक लक्षात ठेवा. टाकाका धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इतकं तीव्र वळण आहे की लांब गाड्यांना एक टप्पा रिव्हर्समध्ये चढावा लागतो. म्हणून हा थांबा हवा असेल तर लहान गाडीची टूर बघा. शिवाय तो रस्ता जूनच्या उत्तरार्धापासूनच खुला असतो. एमराल्ड लेकला मात्र कुठलीही बस जाते आणि काठाने सपाट चालता येतं.

किमती पडताळताना फक्त आकडा बघू नका. बॅन्फ ज्या प्रांतात येतं त्या अल्बर्टामध्ये छापील किमतीवर 5 टक्के जीएसटी लागतो. पार्कचा प्रवेश पास टूरमध्ये आहे की वेगळा, हे विचारा. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट असतो, त्यामुळे मुलीसाठी पासचे पैसे कुणी लावत असेल तर हटका. जेवण 'समाविष्ट' असेल तर शाकाहारी डबा मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवा, त्या सकाळी सांगून काही होत नाही. चालक-गाईडला टीप देण्याची पद्धत आहे, 10 ते 15 टक्के धरून चला. तिथेच दोन टूरमधला फरक कधी कधी मिटतो.

रद्द करण्याची अट बारकाईने वाचा. पाऊस पडला म्हणून टूर रद्द होत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. पुरेशी माणसं जमली नाहीत तर कंपनीच रद्द करू शकते, तेव्हा 'किमान किती जण लागतात आणि किती तास आधी कळवाल' हे विचारा. मधल्या संकेतस्थळावरून घेतलं असेल तर परताव्याचा नियम त्याचा लागू होतो की कंपनीचा, हेही स्पष्ट हवं. जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर दऱ्यांमध्ये साचतो आणि शिखरं दिसेनाशी होतात. त्यासाठी मोरेनची टूर मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ठेवा, म्हणजे एखादा दिवस पुढे ढकलायला जागा राहते. 1 जुलैचा कॅनडा डे आणि शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा.

अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे सोडा, तीन ताऱ्यांचे वाचा. 'सगळं घाईघाईत झालं', 'गाडीतच बसून होतो', 'पिकअपला पाऊण तास उशीर' असं दोन-तीन वेळा दिसलं की समजायचं. 'गाईडने आम्हाला अस्वलाच्या अगदी जवळ नेलं' असं कुणी कौतुकाने लिहिलं असेल, तर त्या कंपनीवर फुली मारा. अस्वल, लांडगा यांच्यापासून 100 मीटर आणि एल्क, हरिण, मेंढ्या यांच्यापासून 30 मीटर अंतर राखा, असं पार्क्स कॅनडा सांगते. रस्त्याकडेला अस्वल दिसल्यावर दार न उघडता, हळूच पुढे जाणारा चालक हाच चांगला चालक. माणसांना सरावलेलं अस्वल शेवटी रस्त्यावर किंवा वस्तीत येतं आणि जिवाला मुकतं.

विम्यात हिमनदीवरच्या पायी चालीसारखे प्रकार वगळलेले असू शकतात. तुम्ही बर्फगाडीने जाणार, तरी परदेशी पाहुण्याला रुग्णवाहिकेचं आणि हॉस्पिटलचं बिल स्वतःलाच भरावं लागतं, म्हणून विमा आई-वडिलांच्या जुन्या दुखण्यांसकट असावा. टूरच्या सकाळी दायित्वमुक्तीच्या फॉर्मवर सही घेतात. तो आदल्या दिवशी ईमेलवर मागून वाचा, गर्दीत उभ्याने वाचून होत नाही.

उरलेले दोन दिवस असे. एक दिवस सल्फर माउंटनचा गोंडोला, रोमची 1 क्रमांकाची बस पायथ्याशी सोडते, आठ मिनिटांत 2,281 मीटरवर, आणि वर लाकडी फळ्यांची वाट आहे. पण त्या वाटेवर पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंनी गच्चीवरूनच बघितलं तरी चारी बाजू दिसतात. दुसरा दिवस मिनेवान्का लेक, बस क्रमांक 6, तासाभराची नौका, गुडघ्यांना काहीच त्रास नाही. वडील आणि मुलगी चालायला उत्सुक असतील तर 9 क्रमांकाच्या बसने जॉन्स्टन कॅन्यनला जावं. खालचा धबधबा सव्वा किलोमीटरवर आहे, वाट कड्याला लावलेल्या लोखंडी पुलांवरून जाते. सकाळी नऊच्या आत गेलात तर धबधब्याशेजारच्या छोट्या बोगद्यात उभं राहायला रांग लावावी लागत नाही.

कंपनीला ईमेल करताना आईंच्या गुडघ्यांचं नुसतं 'थोडा त्रास आहे' असं लिहू नका. 'पंधरा मिनिटं सपाट चालू शकतात, दहाहून जास्त पायऱ्या सलग उतरता येत नाहीत, गाडीत चढताना हाताचा आधार लागतो' असं लिहा. मिनीबसची पहिली पायरी उंच असते. आधी कळवलं तर गाईड पायाखाली ठेवायचं स्टूल बरोबर घेतो आणि दाराजवळची पुढची जागा राखून ठेवतो.